हातोडा कुणाच्या हातात?

"अरे, लिलावात कसली आलीय फसवणूक? जो जास्त बोलेल त्याला वस्तू. यापेक्षा सरळ हिशोब जगात दुसरा नाही!"

ऑस्ट्रेलियातल्या आपल्या मराठी मंडळींच्या गप्पांत हे वाक्य हमखास ऐकू येतं. नव्याने आलेला विद्यार्थी जुनी सायकल शोधत असतो, कुणाला पोरासाठी क्रिकेटचं किट हवं असतं, कुणी भारतात परत जायचं म्हणून घरातलं सामान विकायला काढलेलं असतं. सगळे इबेवर जातात आणि सगळ्यांची श्रद्धा एकच, की किंमत बाजार ठरवतो. वेबसाईटचं काम काय, तर नुसता फळा पुरवायचा. बोली लावणारे आपण, विकणारेही आपणच. मग नियम वाचायचे कशाला?

मला हे साफ नामंजूर आहे. ऑनलाईन लिलावातली किंमत जितकी बाजार ठरवतो, तितकीच ती नियमावली ठरवते. आणि ती नियमावली लिहिणारा, बदलणारा आणि तिच्यावर कमिशन घेणारा एकच असतो. हे नुसतं तोंडाने म्हणून भागणार नाही, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला मुद्दा अगदी साधा. लिलाव संपतो कधी?

आपल्या गावाकडच्या लिलावात "एक वार, दोन वार, तीन वार" म्हणेपर्यंत कुणी हात वर केला, की मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. इबेचा मुळापासूनचा नियम तसा नाही. तिथे घड्याळ आहे. रविवारी रात्री ८ वाजून १४ मिनिटांनी संपणार म्हणजे तेव्हाच संपणार, मग शेवटच्या सेकंदाला कुणी काहीही बोलो. १९९९ साली ॲमेझॉननेही लिलाव सुरू केले होते (पुढे ते गुंडाळले), पण त्यांचा नियम वेगळा होता. शेवटच्या दहा मिनिटांत बोली आली, की लिलाव शेवटच्या बोलीपासून आणखी दहा मिनिटं लांबायचा. थोडक्यात, आपला तीन वारच!

ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकेनफेल्स या दोन अर्थशास्त्रज्ञांनी दोन्हीकडच्या बोल्या तपासून २००२ साली निष्कर्ष छापले. (रॉथना पुढे २०१२ मध्ये नोबेल मिळालं.) इबेवर शेवटच्या क्षणी बोल्यांची झुंबड, ॲमेझॉनवर ती फार कमी. त्याहून गमतीची गोष्ट पुढे आहे. इबेवर माणूस जितका अनुभवी, तितका तो उशिरा बोली लावायचा. ॲमेझॉनवर बरोब्बर उलटं, अनुभवी माणूस शेवटच्या क्षणाच्या भानगडीत कमी पडायचा. दोन्हीकडे माणसं तशीच, वस्तूही तशाच. फरक होता तो शेवटाच्या एका नियमात. म्हणजे आपण ज्याला 'स्नायपिंगचं कौशल्य' म्हणून मिरवतो, ते त्या घड्याळाने आपल्याला शिकवलेलं आहे.

शेजारच्या न्यूझीलंडमध्ये ट्रेड मी नावाची साईट आहे. (१९९९ साली सुरू झाली आणि २००६ साली ऑस्ट्रेलियाच्या फेअरफॅक्सने ७० कोटी न्यूझीलंड डॉलरला विकत घेतली.) तिथे शेवटच्या दोन मिनिटांत बोली आली तर लिलाव आपोआप लांबण्याची सोय आहे. म्हणजे हे तंत्रज्ञानाला अवघड आहे असं कुणी सांगू नये. प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही जमेल असं काम आहे ते.

दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा आहे. जरा शांतपणे वाचा.

इबेवर तुम्ही तुमची कमाल रक्कम टाकता आणि संगणक तुमच्या वतीने गरजेपुरती बोली वाढवत नेतो. विल्यम विकरी यांनी १९६१ साली ज्या लिलावाचं गणित मांडलं (त्यांना १९९६ चं नोबेल मिळालं), त्याचाच हा जवळचा नातेवाईक. जिंकतो तो सर्वात मोठी रक्कम टाकणारा, पण पैसे भरतो ते दुसऱ्या क्रमांकाच्या रकमेपेक्षा किंचित वर. विकरींचं म्हणणं असं, की अशा लिलावात तुम्हाला वस्तूची जी किंमत खरी वाटते ती टाका आणि निवांत झोपा. डावपेच करायची गरजच नाही.

हे सुंदर आहे, पण याचा अर्थ नीट लक्षात घ्या. इथे किंमत जिंकणारा ठरवत नाही, हरणारा ठरवतो! आणि किंमत हरणारा ठरवत असेल, तर तो हरणारा खरा गिऱ्हाईक आहे की विकणाऱ्याचा मेहुणा, हा लिलावातला सगळ्यात मोठा प्रश्न होतो.

उदाहरण घेऊ. सायकल आहे. मी कमाल ३०० डॉलर टाकले. दुसरा खरा गिऱ्हाईक १८० वर थांबला. मला सायकल १८० च्या जराशी वर मिळायला हवी. आता विकणाऱ्याच्या मेहुण्याने २५० ची बोली टाकली. मी अजूनही जिंकतोच, आनंदातही असतो, पण खिशातून सत्तर डॉलर जास्त गेले. कुणाला कळलं? कुणालाच नाही. मला तर उलट वाटेल, की बघा किती चुरशीचा लिलाव जिंकला!

यावर शहाणी मंडळी म्हणतात, "मेहुणा जास्तच वर गेला तर सायकल त्याच्याच गळ्यात पडेल की! तीच त्याची शिक्षा." गावच्या लिलावात हे खरं होतं. ऑनलाईन नियमावलीने मात्र ही शिक्षाच काढून टाकली आहे. कशी ते बघा. मेहुण्याने ३१० टाकले आणि तो 'जिंकला'. विकणारा म्हणतो, गिऱ्हाईकाने पैसे भरले नाहीत. सौदा रद्द, कमिशनही परत. मग इबेच्याच नियमाप्रमाणे तो मला 'सेकंड चान्स ऑफर' पाठवू शकतो. कितीला? तर माझ्या सर्वात मोठ्या बोलीला, म्हणजे पूर्ण ३०० ला! जी रक्कम मी संगणकाला विश्वासाने सांगितली होती, ती आता विकणाऱ्याच्या हातात आहे. खोटी बोली लावणाऱ्याचं नुकसान शून्य, वर बक्षीस.

हा नियम कुणी वाईट हेतूने केला असं मी म्हणत नाही. पैसे बुडवणाऱ्या गिऱ्हाईकांपासून प्रामाणिक विक्रेत्याला वाचवण्यासाठीच तो आहे. पण इंजिनियरला विचारा. सुरक्षेसाठी बसवलेला व्हॉल्व्ह चुकीच्या बाजूने उघडत असेल, तर हेतू चांगला होता म्हणून टाकी फुटायची थांबत नाही.

तिसरा मुद्दा रुमालाचा.

आपल्याकडच्या जुन्या बाजारांत दलाल आणि व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायचे. ज्याचा माल, तो शेतकरी समोर उभा, पण त्याला भाव कळायचा नाही. म्हणूनच बाजार समित्यांच्या कायद्यांनी उघड लिलावाचा आग्रह धरला. आज लासलगावला कांद्याचा भाव पुकारला जातो तो ट्रॉलीभोवती, सगळ्यांदेखत. तिथेही व्यापाऱ्यांची मिलीभगत होत नाही असं नाही, पण निदान कोण बोलतंय ते दिसतं.

इबेवर सुरुवातीला असंच होतं. बोली लावणाऱ्याचं टोपणनाव उघड दिसायचं. मग २००७ च्या सुमारास, आधी महागड्या वस्तूंसाठी आणि नंतर सरसकट, नावांवर चांदण्या आल्या. एक अक्षर, तीन चांदण्या, पुन्हा एक अक्षर. कारण खरंच होतं. हरलेल्या गिऱ्हाईकांना गाठून खोट्या ऑफर पाठवणारे भामटे सुटले होते. पण त्याच फटक्यात दुसरी गोष्ट गेली. एकाच विक्रेत्याच्या दहा लिलावांत तोच एक गडी दहा वेळा दुसरा येतोय, हे जागरूक गिऱ्हाईक आधी स्वतः शोधून काढू शकत होता. आता तो फक्त 'या विक्रेत्याकडे अमुक टक्के बोल्या' असा आकडा बघू शकतो. टेहळणीचं काम गिऱ्हाईकाकडून कंपनीकडे गेलं, आणि कंपनीचं कमिशन विक्रीच्या किमतीवर असतं. किंमत फुगली तर तिचं काय बिघडतं? रुमाल परत आला, इतकंच.

आता याच देशात घरांचा लिलाव कसा होतो ते बघा. शनिवारी सकाळी सिडनीच्या कुठल्याही उपनगरात रस्त्यावर घोळका दिसेल. न्यू साउथ वेल्समध्ये २००३ पासून घराच्या लिलावात बोली लावायची तर ओळख पटवून नाव नोंदवावं लागतं आणि नंबर घ्यावा लागतो. मालकाच्या वतीने फक्त एकच बोली लावता येते, तीही लिलाव पुकारणाऱ्याने 'ही मालकाची बोली' असं जाहीर करून. खोट्या बोल्यांवर व्हिक्टोरियानेही त्याच वर्षी कायदा केला. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे रस्त्यावरचे लिलाव बंद होऊन सगळा कारभार रातोरात ऑनलाईन गेला, तेव्हाही या अटी सुटल्या नाहीत. मग घराला नंबर आणि सायकलला चांदण्या, हा न्याय कुठला? घर घेणाऱ्याकडे वकील असतो. सायकल घेणाऱ्या विद्यार्थ्याकडे फक्त आठवड्याचा पगार असतो.

आणि हे काही नवीन तत्त्व नाही. भारताच्या १९३० च्या मालविक्री कायद्याचं कलम ६४ काढून वाचा. विकणाऱ्याने भाव वाढवायला खोटी बोली वापरली तर सौदा मोडायचा अधिकार घेणाऱ्याला आहे. न्यू साउथ वेल्सच्या १९२३ च्या कायद्यातही तेच इंग्रजी वळणाचं कलम आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या माणसांना जे कळलं होतं, ते चांदण्यांच्या आड सिद्ध कसं करायचं, एवढंच कुणी सांगत नाही.

चौथा मुद्दा, विकणाऱ्याने मध्येच केलेल्या बदलांचा.

बोल्या चालू असताना वर्णन बदलणं, वस्तू मागे घेणं, "बाहेर जास्त पैसे मिळाले" म्हणून लिलावच बंद करणं, हे सर्रास चालतं. इबेचे यावर निर्बंध आहेत आणि शेवटच्या बारा तासांत ते आणखी आवळतात, पण त्याआधी बराच मोकळा हात असतो. वर्णन मोठ्या प्रमाणात बदललं तर बोली मागे घेता येते, हेही खरं. पण बदल झालाय हे गिऱ्हाईकाच्या लक्षात आलं तर ना! 'चालू स्थितीत' हे दोन शब्द जाऊन 'तपासलेलं नाही' असं येतं आणि तुमची जुनी बोली तशीच उभी असते.

ऑस्ट्रेलियात याची कायदेशीर कसोटी एका विमानावर लागली. २००६ साली एकाने दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं विररावे जातीचं विमान (ऑस्ट्रेलियातच बनलेलं) इबेवर किमान दीड लाख डॉलरला काढलं. एकाने तेवढीच बोली लावली आणि लिलाव संपला. मालक म्हणाला, देत नाही, मी दुसऱ्याशी बोललोय. प्रकरण न्यू साउथ वेल्सच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २००७ च्या ऑगस्टमध्ये निकाल आला: इबेवर लिलाव संपला की करार झाला, विमान द्या! नुकसानभरपाईवर भागवू दिलं नाही, विमानच द्यायला लावलं.

निकाल उत्तम. पण कोर्टात जाणं परवडलं, कारण वस्तू विमान होती. ऐंशी डॉलरच्या मिक्सरसाठी कोण जाणार? त्याच्यासाठी कायदा म्हणजे वेबसाईटचं 'तक्रार करा' हे बटण.

पाचवा मुद्दा २००८ सालचा. ज्यांना वाटतं की नियम बदलले तरी बोलीवर काय फरक पडतो, त्यांनी हे प्रकरण आठवावं. एप्रिल २००८ मध्ये इबे ऑस्ट्रेलियाने जाहीर केलं, की जूनपासून पैसे फक्त पेपॅलनेच घ्यायचे, किंवा वस्तू हातात देताना. पेपॅल तेव्हा कुणाची? इबेचीच, २००२ पासून. इथली निम्मी मंडळी बँकेत थेट पैसे भरायची, कुणी पोस्टाची मनीऑर्डर करायचा. त्या सगळ्या वाटा बंद. कारण सांगितलं सुरक्षिततेचं.

विक्रेत्यांच्या लगेच लक्षात आलं, की विक्रीवर इबेचं कमिशन आणि पैसे घेण्यावर पेपॅलचं, दोन्ही एकाच घरात जाणार. त्याचा बोलीशी संबंध काय? सरळ आहे. विकणाऱ्याचा खर्च वाढला की तो सुरुवातीची किंमत वर नेतो. पेपॅल नको असलेला गिऱ्हाईक बोलीच लावत नाही. सुरुवात वर आणि गिऱ्हाईक कमी. मगाशी म्हटलं तसं, किंमत हरणारा ठरवतो. हरणारेच कमी झाले तर प्रामाणिक विक्रेत्याला भाव कुठून मिळणार?

शेकडो लोकांनी स्पर्धा आयोगाकडे, म्हणजे एसीसीसीकडे, लेखी हरकती पाठवल्या. तेव्हा अध्यक्ष होते ग्रॅम सॅम्युएल. १२ जूनला आयोगाने मसुदा काढून सांगितलं, की याने स्पर्धेला मोठा धक्का बसेल, आम्ही परवानगी काढून घ्यायच्या विचारात आहोत. जुलैच्या सुरुवातीला इबेने प्रस्ताव मागे घेतला. जगभर नियम बदलत फिरणारी कंपनी या दोन कोटींच्या देशात थांबली, ती सामान्य माणसांनी पत्रं लिहिली म्हणून. आपली मंडळी म्हणतात ना, "एवढ्या मोठ्या कंपनीपुढे आपलं काय चालणार?" हे चाललं होतं!

गोष्ट इथे संपत नाही. पेपॅल २०१५ मध्ये इबेपासून वेगळी झाली, आणि २०२१ पर्यंत इबे ऑस्ट्रेलियाने पैशांचा सगळा व्यवहार स्वतःकडे घेतला. आता गिऱ्हाईकाला कार्ड, पेपॅल असे पर्याय आहेत, पण पैसे आधी इबेकडे जातात आणि मग विक्रेत्याच्या खात्यात. पुढच्या दाराने हाकललेला पाहुणा तेरा वर्षांनी मागच्या दाराने, जरा बरे कपडे घालून आला. तेव्हा मात्र फारसा आवाज झाला नाही.

आता विरुद्ध बाजूचं प्रामाणिकपणे सांगतो. प्रत्येक नियमबदल वाईट असतो असं माझं म्हणणं नाही. मे २००८ मध्येच इबेने आणखी एक बदल केला. विक्रेत्याला गिऱ्हाईकाविषयी वाईट शेरा मारता येणार नाही. विक्रेते जगभर खवळले, बहिष्काराची भाषा झाली. पण आधी काय व्हायचं? तुम्ही विक्रेत्याला वाईट शेरा दिला की तो उलटून तुम्हाला द्यायचा. या भीतीने सगळे एकमेकांना 'अ प्लस प्लस' वाटत सुटायचे. हे परतफेडीचं राजकारण बोल्टन, ग्रायनर आणि ओकेनफेल्स यांनी २०१३ च्या शोधनिबंधात उलगडून दाखवलं. त्यातले ग्रायनर तेव्हा इथे सिडनीलाच, न्यू साउथ वेल्स विद्यापीठात होते. जर्मनीच्या इबेवरचा २०१६ सालचा एक अभ्यास सांगतो, की बदलानंतर गिऱ्हाईकांचं समाधान वाढलं आणि विक्रेते काही पळून गेले नाहीत. म्हणजे नियम चांगला बदलला की बाजार चांगला होतो. माझा मुद्दा तरी दुसरा काय आहे? नियमांनी फरक पडतो, दोन्ही दिशांनी पडतो.

राहता राहिला कायदा. २०११ पासून लागू असलेल्या ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक कायद्यात लिलावाला बऱ्याच हमींतून सूट आहे. पण 'लिलाव' म्हणजे मालकाच्या वतीने एजंटने केलेला लिलाव, मग तो समोरासमोर असो की इलेक्ट्रॉनिक. इबे एजंट नसते, म्हणून तिथे दुकानदाराकडून घेतलेल्या वस्तूला ग्राहक हमी लागू. एजंट म्हणून माल विकणाऱ्या लिलाव साईटवर बहुतेक हमी लागू नाहीत. दोन्हीकडे पडद्यावर चौकट तीच, बटण तेच, घड्याळ तेच... आणि हक्क वेगळे! न्यूझीलंडने हा घोळ जून २०१४ मध्ये मिटवला. धंदा करणाऱ्याने लिलावात विकलं तरी हमी लागू. ऑस्ट्रेलियाला इतकी वर्षं कसली अडचण आहे?

नुसती टीका करून थांबणं मला आवडत नाही. म्हणून मागण्या सांगतो.

एक, शेवटच्या काही मिनिटांत बोली आली की लिलाव लांबवा. तीन वार म्हणू द्या.

दोन, प्रत्येक गिऱ्हाईकाला कायमचा नंबर द्या. नाव लपवा, पण तोच माणूस दुसऱ्या लिलावातही ओळखू येऊ द्या.

तीन, जिंकणाऱ्याने पैसे बुडवले तर दुसऱ्याला ऑफर त्याच्या कमाल रकमेला नको. बुडवणाऱ्याची बोली वगळून पुन्हा हिशोब करा आणि जी किंमत येईल त्या किमतीला द्या. माझ्या उदाहरणात ती १८० च्या जराशी वर येते. एवढ्या एका दुरुस्तीने मेहुण्याचा धंदा बसतो.

चार, बोल्या आल्यावर वर्णन बदललं तर जुन्या सगळ्या बोल्या गोठवा आणि प्रत्येकाला विचारा, अजून हवंय का?

पाच, एजंटच्या ऑनलाईन लिलावालाही ग्राहक हमी लावा.

यावर शेवटचा युक्तिवाद येतो तो ठरलेला. "पटत नसेल तर जाऊ नका, दुसरीकडे विका!" लासलगावच्या शेतकऱ्यालाही हेच सांगता येईल, की पटत नसेल तर कांदा दुसरीकडे ने. जिथे गिऱ्हाईक जमतं तिथेच विकावं लागतं. बाजाराची ताकद गर्दीत असते, आणि गर्दी आपण जमवलेली आहे, तुम्ही आणि मी. ज्याच्या आवारात गर्दी जमली त्याने आवार झाडावं, दिवे लावावेत, त्याचे पैसेही घ्यावेत. पण तराजूचा काटा त्याने एकट्याने ठरवायचा नाही. वजन-मापाचा इन्स्पेक्टर गावच्या बाजारात फिरतो तो उगाच नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी "लिलाव म्हणजे सरळ हिशोब" म्हणालं, तर त्याला एवढंच विचारा, की तुझ्या मागे दुसरा कोण होता, हे तुला माहीत आहे का? आणि इथल्या आयोगाकडे हरकत पाठवायला कुणाची ओळख लागत नाही. २००८ साली ज्यांनी पाठवल्या, त्यांचीही नव्हती.